डोळ्यांचा पंचनामा

"आता किती बोटं?" डॉक्टरसाहेबांनी हात वर धरून विचारलं.

"दोन शेतस, साहेब," शेजारच्या खाटेवरचा वना म्हणाला.

"शाबास."

त्या 'शाबास'ने सुगंधाबाईचा जळफळाट झाला. तिचा नवरा तोताराम यावलचा, वना पारोळ्याचा. दोघांच्याही मेंदूत गाठ, तीच डोकेदुखी, त्याच उलट्या. मग साहेब वनापाशीच का एवढे रेंगाळतात? नर्सबाई पेजेची वाटी आधी त्यालाच का देते? आणि वर त्याची ती बायको भिकुबाई! बैलांच्या दलालाची लेक, बाजारात वाढलेली. नवरा मरणाच्या दारात, पण बाईच्या मनगटांवर कोपरापर्यंत बांगड्या. साहेब आले की उशाशी उभी राहून हात झटकत त्या वाजवायची. मेली मिरवायची हौस! ती किणकिण ऐकली की सुगंधाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि आता तर गोष्ट जिवावर आली होती. असलं ऑपरेशन मुंबईलाच व्हायचं. साहेबांनी दोघांसाठी सरकारला लिहिलं होतं, पण पैसा तुटपुंजा, मंजुरी आली एकाचीच. कोण जाणार ते उद्याच्या डोळ्यांच्या तपासणीवर ठरायचं होतं. मागे राहील त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

दुपारी सुगंधाबाई नवऱ्याच्या कानाशी लागली. उद्या काहीच दिसत नाही म्हणा, सगळा अंधार म्हणा.

"मले तुह्यं कुंकू दिसते ना अजून," तोताराम म्हणाला.

"ते मले सांगा. सायबाले नका सांगू."

ती काही खुळी नव्हती. सरकार कसं चालतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन वर्षांमागे वादळात केळीच्या बागा झोपल्या, तेव्हा तलाठी पंचनाम्याला आला. बाग सोळा आणे गेली म्हणणाऱ्यांना मदत मिळाली. तिचा दीर चुडामण मात्र सत्यवचनी, अर्धी बाग उभी आहे म्हणाला आणि हात हलवत घरी आला. अर्ध्या नुकसानीला सरकारदरबारी कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तोतारामपुढे बोटं धरली. तो म्हणाला, अंधार आहे. कालपर्यंत तर दिसत होतं, असं साहेब म्हणाले, तेव्हा सुगंधाबाईने पदर तोंडाला लावून सांगितलं की पहाटेपासून डोळे गेले. साहेबांनी सुस्कारा टाकला आणि कागदावर लिहून घेतलं. तिला मनातून बरं वाटलं.

मग वनाची पाळी. किणकिण झाली. तीन, एक, चार, सगळं बरोबर. वाजव बाई वाजव, सुगंधाबाई मनात म्हणाली. तुझा नवरा किती ठणठणीत आहे ते कळू दे सायबाला.

संध्याकाळी नाव लागलं ते वनाचं.

ती धावतच साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी तिला बसवलं.

"बाई, नजर पार गेली म्हणजे गाठ हाताबाहेर गेली. मग तिथले डॉक्टरही हात लावत नाहीत. जागा एकच आहे. जो वाचण्यासारखा आहे, त्यालाच पाठवायला हवं."

सुगंधाबाईने त्यांचे पाय धरले. सगळं सांगून टाकलं, वादळ, तलाठी, चुडामण, सगळं. साहेब उठून तोतारामकडे आले, पुन्हा बोटं धरली. त्याने एकूण एक बरोबर ओळखली. साहेबांनी हात खाली घेतला.

"मुंबईला तार गेली," ते म्हणाले. "आता दोघांनाही दिसतंय. दिसणाऱ्याचं नाव काढून दिसणाऱ्याचं घालायला मी काय कारण देऊ? पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष म्हणताना ते खिडकीकडे बघत होते.

सकाळी स्टेशनावर जायला टांगा अंगणात येऊन थांबला. वनाला व्हरांड्यातल्या बाकावर आणून बसवलं होतं. भिकुबाई कागदावर अंगठा द्यायला हाफिसात गेली. तेवढ्यात सुगंधाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याला चार शब्द सुनवायचे होते. तो आपला डोळे उघडे ठेवून शांत बसलेला, नवं धोतर, कपाळाला अंगारा. तिला त्या डोळ्यांचा इतका हेवा वाटला की ते आपल्या नवऱ्याला काढून देता आले असते तर तिनं तिथल्या तिथं काढले असते. ह्याच डोळ्यांनी तिच्या कुंकवाचा घास घेतला होता.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. हातातल्या बांगड्या वाजल्या.

वना सावरून बसला, मान ताठ केली आणि तिच्याकडे बघत हसून म्हणाला,

"तीन शेतस, साहेब."