मेंबर फुटू नयेत म्हणून

सभापतीची निवड आठवड्यावर आली, तसं आमच्या पार्टीच्या सोमेश्वरअण्णांनी आम्हा चौघा मित्रांना उचलून थेट बँकॉकला नेलं. गावं आम्हाला मेंबरच म्हणतात. समोरच्या पार्टीनं फोडू नये म्हणून अण्णांनी विमानतळावरच सगळ्यांचे फोन काढून घेतले. तिथं नावेत बसलो तरी अण्णा आमच्या मधोमध. आमच्यातला हनुमान संडासात जरा जास्त बसला, तर बाहेरून दार वाजवत राहिले. भरल्या बाजारात नारळपाणीवाली मला बघून हसली.

"भारत, काय म्हणली रे ती?"

"अण्णा, तिला मराठी येत न्हाई."

"मग हसली कावून?"

सात दिवस असे काढले. निवडीच्या दिवशी विमानतळावरून गाडी सरळ पाटोद्याला, पंचायत समितीच्या दारात. अण्णांनी आम्हाला एकेक करून उतरवलं आणि पहिल्यांदाच हसले. "एकबी फुटला न्हाई!"

तेवढ्यात समोरच्या पार्टीचा गुलाल उडाला. आतून आमच्या चौघांच्या बायका मतदान करून बाहेर आल्या. सगळ्यात पुढं माझी सत्यशीला, कपाळभर गुलाल. अण्णा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच विकलो गेलतो.

"हे काय केलंस?" मी तिला विचारलं.

"तुमचा फोन सात दिवस बंद. मग मत कुणाला द्यायचं, ते आमी मेंबरांनीच ठरवलं."