वीस मिनिटं

सव्वीस वर्षं जहाजावर प्रवाशांच्या खोल्या आवरून थकलेले काका निवृत्तीनंतर पहिल्यांदाच प्रवासी म्हणून जहाजावर चढले. काकू नवख्या, त्यामुळे सूचना सुरूच होत्या. "गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, मोठी बॅग संध्याकाळीच मिळते. मळमळलं तर लांब बघ."

सकाळी मात्र काकूंचा पारा चढला. काका कण्हत कण्हत पलंगावरची चादर ताणत होते.

"अहो, निदान इथं तरी कंबर मोडून घेऊ नका!"

तेवढ्यात खोली आवरणारी बाई आली आणि लख्ख खोली बघून चपापली. "काका, माझं काही चुकलं का? तक्रार करू नका हो."

काकांनी दार लोटलं, खुर्ची पुढे सरकवली. "एका खोलीला वीस मिनिटं देतात ना, ताई? तेवढी बसा."