टेबलावरचं शहर

तिसरा पुठ्ठा भुजंगनं उजेडात धरला आणि बसवराज पेंटरचा जीव टांगणीला लागला.

आधीचे दोन नापास झाले होते. पहिला पाहून भुजंग म्हणाला, ही तर कॅलेंडरवरची मुंबई आहे. दुसऱ्यातले मनोरे बसवराजनं घरातल्या उतरंडीवरून काढले होते, मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. ते पाहून भुजंगची आई पदर तोंडाला लावून हसली. ट्रॅक्टरच्या नंबरपाट्या आणि खताच्या जाहिराती रंगवणाऱ्याला शंभर वर्षांनंतरचं शहर काढायला सांगितलं, तर आणखी काय होणार?

पण नाही म्हणायची सोय नव्हती. ताडकळसच्या बाजारातलं त्याचं दुकान भुजंगच्या वडिलांच्या, आबासाहेबांच्या गाळ्यात होतं. तेरा वर्षांपूर्वी बायको भागम्मा आणि दोन ब्रश एवढ्या भांडवलावर उदगीरकडचा पेंटर म्हणून तो गावात आला, तेव्हा आबासाहेबांनीच त्याला थारा दिला. कपाळावर भस्म, खालमानेनं चालणं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. देवमाणूस आहे, असं गाव म्हणायचं. हा थारा गेला तर दुसरा शोधायची ताकद आता त्याच्यात उरली नव्हती, म्हणून तो चित्रावर चित्र काढत होता.

भुजंग पुण्याला इंजिनिअर व्हायला गेला होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एक परदेशी खेळ घेऊन आला होता. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. गोष्ट सांगणाऱ्याचे फासे कुणाला दिसू नयेत म्हणून त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा. त्या आडोशावर हे शहर हवं होतं.

"माणसं व्हायचं म्हंजे?" बसवराजनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आपलं नाव सोडायचं, दुसरं घ्यायचं. मग त्याच्यासारखंच बोलायचं, वागायचं."

"किती वर्सं?"

"वर्षं कसली? दुपारभर, पेंटर."

"अन् मधीच खरं नाव तोंडातून निघालं तर?"

"तर काय, हसतो आमी."

शिकलेसवरलेले, खाऊनपिऊन सुखी लोक हे गमतीखातर करतात, हे काही केल्या बसवराजच्या डोक्यात शिरेना. पुढचे आठ दिवस तो याच कोड्यात होता. एखादा मनोरा रंगवता रंगवता थांबायचा आणि पुन्हा विचारायचा. जुन्या ओळखीचा माणूस अचानक टेबलाशी येऊन बसला तर? घरी गेल्यावर बायकोला कुठल्या नावानं हाक मारायची? भुजंगला हसू आवरायचं नाही. आमचा पेंटर म्हणजे भोळा सांब, असं त्यानं पुण्याहून आलेल्या दोन मित्रांना सांगूनही टाकलं.

तिसऱ्या चित्रावर मात्र भुजंगची नजर खिळली. मनोरे पुठ्ठ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग गेले होते. मधोमध पाण्याची एक प्रचंड टाकी होती आणि तिच्यातून निघालेले नळ एकूणएक मनोऱ्यांत शिरले होते.

"गावकूस कुठाय, पेंटर? शहर संपतं कुठं?"

"त्ये न्हाई काढलं," बसवराज चाचरत म्हणाला. "चुकलं का?"

"चुकलं न्हाई. लय भारी वाटायलंय."

बसवराजचा जीव भांड्यात पडला. तो पुरता पडायच्या आत भुजंग म्हणाला की एक गडी कमी आहे, तेव्हा पेंटर, तुम्हीच बसा. बसवराजनं अर्धवट पाट्यांचं निमित्त सांगितलं, मग डोकेदुखीचं. पण आबासाहेब शेजारी बाजेवर सुपारी कातरत बसले होते. पोरं एवढी म्हणायलेत तर बस की, असं ते म्हणाले आणि बसणं आलं.

"नाव सांगा," भुजंग आडोशामागून म्हणाला. "बसवराज सोडून कोणतंबी. कोण, कुठला, या शहरात कसा आला, सगळं."

बसवराज गोंधळून चित्राकडे बघत राहिला. कुठलंही नाव चाललं असतं, पण त्याला एकच सुचलं.

"लिंबाजी," तो म्हणाला. "गोदागंगेच्या पल्याडचा. बायको मनकर्णा. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंग्यात आमची वस्ती जाळली. आमी दोघं ज्वारीत पडून ऱ्हायलो, म्हणून वाचलो. माय म्हातारी व्हती. ती भाईर निघाली न्हाई."

आबासाहेबांचा अडकित्ता थांबला. "मंग इथवर कसा आलास?"

"चालत. जिथं कुनी वळखत न्हाई, तिथवर चालायचं ठरलं व्हतं."

पुण्याच्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. भुजंग आडोशावरून डोकं काढून बघू लागला. हाच का तो भोळा सांब, ज्याला आठ दिवस खेळ कळत नव्हता?

"हुबेहूब," आबासाहेब म्हणाले. "अगदी त्यांच्यातलाच वाटायलास की रे. नाटकात जायचं सोडून पाट्या कशाला रंगवायलास?"

सगळे हसले. बसवराजही हसला. मग त्यानं फासे उचलून टाकले.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा भागम्मा चुलीपुढे भाकरी थापत होती. चित्र पसंत पडलं का, असं तिनं विचारलं. पडलं, तो म्हणाला, आणि खेळायलाही बसवलं. तिला गंमत वाटली. आठ दिवस तिनं त्या खेळाचंच ऐकलं होतं.

"मंग कोण झालात तुमी?"

"लिंबाजी."

भागम्माचे हात परातीतच थांबले. ती उठली, पिठाच्या हातानंच दाराला कडी लावली आणि त्याच्यापुढे येऊन बसली. तव्यावरची भाकरी करपू लागली, तरी तिनं तिकडे पाहिलं नाही.

"अन् माझं?" तिनं हळूच विचारलं. "माझं बी नाव घेतलं का?"

"घेतलं, मनकर्णा."