विचार चालू आहे

दर मंगळवारी क्षमाताई शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एन्नोरहून बस बदलत बदलत अड्यारला ऋजुताच्या घरी यायच्या. घरोघरी डबे आणि फरशी पुसायचं लिक्विड विकणाऱ्या कंपनीत तिनं आपल्या हाताखाली यावं, अशी त्यांची खटपट होती.

"मग काय ठरलं, ऋजुता?"

"विचार चालू आहे हो, ताई."

एवढं झालं की पिशवी कोपऱ्यात जायची आणि चहाबरोबर मेतकूट, माहेर, सासूबाई अशा गप्पा तिन्हीसांजेपर्यंत रंगायच्या. एरवी दिवसभर ऋजुताशी मराठी बोलायला होती ती कडेवरची सई, आणि तीही आता पाण्याला 'तण्णी' म्हणायला लागली होती.

"अगं, हो की नाही ते एकदाचं सांगून टाक," सिरुसेरीच्या ऑफिसातून दमून आलेला नवरा चिडायचा. "बिचारीला किती दिवस उन्हात खेपा घालायला लावणार?"

ते तिलाही टोचत होतंच. हो म्हणावं, तर तमिळ शेजारणींना विकायचं कुठल्या भाषेत? आणि नाही म्हटलं, की मंगळवार संपले.

शेवटी एका मंगळवारी सईला घट्ट धरून तिनं एका दमात सांगून टाकलं, "ताई, मला नाही हो जमायचं. पहिल्याच दिवशी ठरलं होतं माझं. पण तुम्ही येत राहावं म्हणून..."

क्षमाताईंनी कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि तिच्यासमोर उलटी केली. आतून फक्त एक छत्री पडली.

 

"अगं, ती कंपनी मी दिवाळीतच सोडली. चहा टाक."