आभाराला उशीर

पहाटे साडेपाचला मुख्याध्यापिका मॅडम डोंकोर या फिटर वोफा बोआतेंग यांच्या गॅरेजसमोर उभ्या होत्या. पर्समध्ये शाळेच्या वार्षिक उद्दिष्टांचा कागद होता. तो आज दुपारपर्यंत जिल्हा कार्यालयात पोचवायचा होता आणि त्यातला पहिलाच रकाना कोरा होता. यंदा गावातल्या कारागिरांकडे किती मुलं काम शिकणार?

गेल्या वर्षी पंधरा गॅरेजांत एकोणीस मुलं शिकली होती. यंदा पंधराच्या पंधरा फिटरांनी मुलं घ्यायला नकार दिला. कारागिराकडे काम केल्याशिवाय मुलांना प्रमाणपत्र मिळत नाही. आणि फिटर मंडळी वोफांच्या शब्दाबाहेर नाहीत. वोफा म्हणजे मामा. सगळं गावच त्यांना मामा म्हणतं.

"मॅडम, शेवटचं सांगतो," वेल्डिंग शिकवणारे ओफोरी मास्तर कुजबुजले. "आत गेल्यावर फक्त आभार. उपकार झाला की दुसऱ्या दिवशी पहाटे दारात यायचं असतं. आपण वर्ष घालवलं, म्हणून सगळे रुसलेत. आता त्यात काही मागितलंत, तर म्हणतील, बाई मागायलाच आली होती."

"आणि हा रकाना?"

"राहू दे कोरा."

"अहो ओफोरी, अडतीस मुलं आहेत यंदा!"

"म्हणूनच सांगतोय."

मॅडम राजधानीत वाढलेल्या, कागदावर विश्वास असलेल्या बाई. कोरा कागद पाठवणं त्यांना परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका देण्यासारखं वाटत होतं.

वोफांनी बाकावरचे स्पॅनर बाजूला सारून दोघांना बसवलं. मामींनी पाणी आणलं. पाणी पिऊन होईपर्यंत कोणी काही बोललं नाही, तशी रीतच आहे.

"आमच्याकडे सगळं ठीक," वोफा रीतीप्रमाणे म्हणाले. "तुमची पावलं इकडे कशी वळली?"

ओफोरी सरसावून बसले. "मामा, कालच्याबद्दल आभार मानायला आलोय."

"काल?" वोफांनी बोटांवर महिने मोजले. "तुमचा कालचा दिवस बराच लांबला, मास्तर. अकरा महिने झाले की!"

"वरातीमागून घोडं," मामी म्हणाल्या आणि तोंडावर हात धरून हसल्या.

"मी पत्र पाठवलं होतं," मॅडमच्या तोंडून निसटलं. ओफोरींनी कपाळाला हात लावला.

"मिळालं ना. शिक्का झकास होता," वोफा म्हणाले. "शेजारच्या गॅरेजवाल्या यॉलाही तसंच आलं. मी त्याचं वाचलं, त्याने माझं. नाव तेवढं वेगळं."

मॅडमचे कान तापले. रात्रभर घोकलेलं छोटंसं भाषण कुठल्या कुठे गेलं. त्यांनी पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"परवा शाळेचा जनरेटर बंद पडला," त्या म्हणाल्या. "आमच्या सेरवाने एकटीने सुरू केला. मी विचारलं, कुठे शिकलीस गं? म्हणाली, मामांकडे. दुसऱ्या गॅरेजने मुलगी नको म्हणून तिला परत पाठवलं होतं, हे तेव्हा कळलं. दुपारी मामी तिला आपल्या ताटातलं काढून द्यायच्या, हेही. मामा, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी कागदावर 'उद्दिष्ट पूर्ण' असं लिहिलं आणि खाली सही केली. मेहनत तुमची, सही माझी. इथे एकदा डोकावलेसुद्धा नाही मी." त्या मामींकडे वळल्या. "तुमचे दोघांचे फार उपकार आहेत. कसे फेडायचे ते मला खरंच कळत नाही."

मामींचं हसू कधीच थांबलं होतं. वोफा एक नट उचलून उगाच पुसत बसले. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "बरं. आणखी काही?"

ओफोरींनी डोळे मिटले.

मॅडमचा हात पर्सकडे गेला. अडतीस नावं त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी पर्स उचलली आणि काखेत मारली.

"नाही, मामा. एवढंच. आता निरोप द्या."

ओफोरींचा जीव भांड्यात पडला. मॅडमचा मात्र टांगणीलाच होता. पण मन हलकं झालं होतं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायचं असतं. वोफा फाटकापर्यंत आले. तिथे थांबले नाहीत. बाहेर पडून त्यांनी शेजारच्या शटरवर दणादण मुठी आपटल्या.

"यॉ! ए यॉ, ऊठ! शाळेच्या मोठ्या बाई आल्यात आभार मानायला."

शटर अर्धं वर गेलं. बनियनवरच यॉ बाहेर आला, तोंडात दातणाची काडी. त्याने मॅडमना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आणि मागायला?"

"काही मागितलं नाही त्यांनी," वोफा म्हणाले. "म्हणून तुझ्याकडे तीन मुलांची जागा कर. आणि आधी त्यांना पाणी दे, अजून तेरा दारं बाकी आहेत."