बसायचं कुठे?

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेले भास्करराव मॉलमधल्या मोठ्या कुंडीच्या कडेवर जेमतेम टेकले होते. तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला. "काका, उठा. इथे बसायचं नाही, वरून ऑर्डर आहे." घाईने उठताना त्यांचा तोल गेला. खांब हाताशी आला म्हणून पडले नाहीत.

नातीसाठी फ्रॉक घेऊन दुकानातून बाहेर पडणाऱ्या मंदाकिनीबाईंनी ते पाहिलं. "मग बसायचं कुठे?" त्यांनी विचारलं. सिक्युरिटीवाल्याने खाली पार्किंगकडे बोट दाखवलं.

नवऱ्याचा हात धरून त्या थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरल्या. "तीन मजले फिरलो आम्ही. एक बाकडं नाही!"

मॅनेजर उठून पुढे आला, हसला. "काकू, बाकडी ठेवली की लोक नुसते बसून राहतात. खरेदी कोण करणार?"

मंदाकिनीबाईंनी टेबलाला वळसा घालून भास्कररावांना त्याच्याच खुर्चीत बसवलं. समोरच्या खुर्चीत स्वतः बसल्या. केबिनमध्ये तिसरी खुर्ची नव्हती.

"कागद द्या. तक्रार लिहायची आहे."

त्या एकेक अक्षर सावकाश लिहीत होत्या. दोन पानं भरली. मॅनेजरने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, मग कपाटाला टेकला.

"काकू, आटपा ना लवकर. पाय भरून आले माझे."

"वय काय तुमचं?"

"अडतीस."

"यांचं अठ्ठ्याहत्तर," असं म्हणून त्यांनी तिसरा कागद पुढे ओढला.