विमानाची पहिली सीट

"विमानं येणार नाहीत म्हणजे काय?" नियाज फोनवर ओरडला. हडपसरच्या शेडमधली शिलाई मशिनं एकेक करून थांबली.

पलीकडे विमान कंपनीच्या उल्का मॅडम होत्या. बाई शांतपणे बोलत होत्या आणि त्याचाच नियाजला जास्त संताप येत होता. कंपनीनं नव्या विमानांची ऑर्डर बेमुदत पुढं ढकलली होती. म्हणजे रद्दच, फक्त सभ्य भाषेत. आणि विमानंच नाहीत, तर नियाजच्या सीट कुणाच्या बोडक्यावर बसवायच्या?

कसबा पेठेतलं पिढीजात गाद्यांचं दुकान बंद करून त्यानं हे धाडस केलं होतं. भागीदार जयसिंगनं तर घरच्यांशी भांडून आपल्या जमिनीचा तुकडा शेडसाठी दिला. पहिल्या सीटचं कुशन झालं तेव्हा दोघांनी पेढे वाटले. कुशन मुद्दाम कसब्यातल्या घरी नेलं, कारण पहिल्या नगाचा शेवटचा टाका घरातल्या थोरल्या बाईनं घालायचा ही त्यांची रीत. नियाजच्या अम्मीनं, नसीमबानूनं, तो घातला आणि मगच कुशन कंपनीकडे गेलं.

"डिझेल-पेट्रोल महागलं असेल, तुमच्या मालकाचं दिवाळं निघालं असेल, तर तसं सांगा की," नियाज म्हणाला. "आमच्या पोटावर पाय कशाला देता?"

मॅडमचा आवाज आता कडक झाला. "अहो, दिवाळं कसलं? विमानं तयार उभी आहेत, सीट नाहीत. तुमचं कुशन आगीच्या चाचणीत आतून पेटलं. दुसऱ्या कारखान्यांकडे ही भली मोठी रांग आहे. बिनसीटची विमानं घेऊन आम्ही माणसं उभ्यानं न्यायची का, स्वारगेटच्या बससारखी?"

फोन बंद झाला. आतून पेटलं म्हणजे फोमच खोटा. आणि आग न धरणारा फोम आणायचं काम जयसिंगचं होतं.

जयसिंग आला तेव्हा नियाजनं त्याला बसूसुद्धा दिलं नाही. कुठलं भंगार आणलंस, कुणाशी संगनमत केलंस, सगळं कामगारांदेखत विचारलं. जयसिंगला आधी थट्टाच वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. फोमच्या प्रत्येक लादीचा तुकडा मी दारात काडी लावून बघितला, तूच शेजारी उभा होतास, असं तो सांगत राहिला. नियाजला ते आठवत होतं. पण डोकंच फिरलेलं, ऐकतो कुणाचं!

"माणसं जळाली असती त्या विमानात," तो म्हणाला. "तुझ्यासारख्या चोराचं तोंड बघायचं नाही मला."

जयसिंगनं खिशातून शेडची किल्ली काढली, मशिनवर ठेवली, परत उचलली.

"जागा माझी हाय," तो म्हणाला. "उद्या मशिनं उचल." आणि मागं वळून न बघता गेला. लहानपणापासूनची दोस्ती अशी उभ्या उभ्या संपली.

नियाज घरी आला तो धुमसतच. अम्मी खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. पलंगावर आजोबांनी स्वतः पिंजून भरलेली जुनी गादी होती, एका कोपऱ्याला नव्या दोऱ्याची शिवण घातलेली. नियाज तिच्यावर धपकन बसला आणि सगळं ओकला. ऑर्डर, आग, जयसिंगची गद्दारी. घसा बसेपर्यंत त्यानं जयसिंगचा उद्धार केला.

नसीमबानूनं सगळं ऐकून घेतलं. वाटाण्यांचं ताट बाजूला सारून ती त्याच्याजवळ आली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जिवाला लावून घेऊ नकोस, बेटा. चूक माझीच झाली, मी हात आखडता घेतला," ती म्हणाली. "बरकतीसाठी आजोबांच्या या गादीतला कापूस मूठभरच घातला मी त्या सीटमध्ये. पुढच्या वेळी चांगला ओंजळभर घालते."